निळ्या खोळीची गादी

हॉटेलच्या खोलीत जाग आली की मी लगेच डोळे उघडत नाही. आपण कुठल्या देशात आहोत, हे पडल्या पडल्या ओळखायचा माझा जुना चाळा आहे. बाहेर कावळ्यांचा कालवा असेल तर दारेसलाम. कुणीतरी संथपणे रस्ता झाडत असेल तर ताश्कंद. खोल्यांवरून काही कळत नाही. एकाच साखळीतली हॉटेलं, त्यामुळे पांढऱ्या चादरी त्याच, उशांचा ढीग तोच आणि वासही तोच. पलंगाच्या पायथ्याशी एक रंगीत कापडी पट्टी आडवी घातलेली असते, ती कशासाठी असते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. अशा अर्धवट झोपेत कितीदा तरी मला वाटतं, की मी परभणीच्या आमच्या घरी मधल्या खोलीत पडले आहे, आई आत भाकरी थापते आहे, आणि आत्ता दाराची कडी वाजेल आणि सोनपेठच्या एसटीतून उतरून आत्या येईल. मग डोळे उघडतात आणि समोर मोठा बंद टीव्ही दिसतो.

मी कापसाच्या कामात आहे. सरकीपासून रुई वेगळी करणारी जिनिंगची यंत्रं आमची कंपनी बनवते. यंत्र परदेशात जाऊन बसलं की ते चालवणाऱ्यांना शिकवायला मी जाते. परभणीच्या पोरीला कापसाचं काय कौतुक, पण त्याच कापसानं मला आफ्रिका दाखवली आणि उझबेकिस्तान दाखवलं. उरलेले दिवस मी आईजवळ परभणीतच असते. निघायचं झालं की परभणीहून हैदराबादची गाडी धरायची, तिथे एक मुक्काम करायचा आणि मग विमान. विमान पकडायला आम्ही पूर्वेला जातो, मुंबईकडे नाही. आमच्या बाजूची आजारी माणसं, नवरीचा बस्ता आणि परदेशाची वाट, सगळं पहिल्यापासून हैदराबादकडेच तोंड करून असतं.

कंपनीचा करार असल्यामुळे मी जाईन तिथे त्याच साखळीच्या हॉटेलात उतरते. दर मुक्कामाचे पॉइंट मिळतात, ते साठले की एखादा मुक्काम फुकट. मुक्काम वाढले तसं फोनमधलं माझं कार्ड आधी चंदेरी आणि मग सोनेरी झालं. आईला मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या पाइंटाचं काय लोणचं घालायचं?" पण मला त्याची गोडी लागली होती, हे कबूल करते. ताश्कंदला सोनेरी कार्ड दाखवलं की मोठी खोली मिळायची, टेबलावर कापलेलं खरबूज असायचं आणि सकाळचा नाश्ता दोघांचा फुकट. दुसरं माणूस माझ्याबरोबर नसायचं, तरी ते दोन बशा मांडून ठेवायचे. दारेसलामला एका पांढऱ्या कार्डावर कुणीतरी हातानं माझं स्वागत लिहून ठेवलं होतं. ते कार्ड मी घरी आणलं. आपण कुठेतरी जातो आणि तिथे कुणीतरी आपल्यासाठी आधीपासून काहीतरी मांडून ठेवलेलं असतं, हे सुख मला त्याआधी फारसं माहीत नव्हतं.

हैदराबादला मात्र माझ्या सोन्याचं पितळ व्हायचं.

पहिल्यांदा ते लक्षात आलं ते एका जर्मन इंजिनिअरमुळे. आम्ही एकाच कामावर महिनोन्‌महिने बरोबर हिंडलो होतो, त्यामुळे दोघांचं कार्ड सोनेरी आणि मुक्कामही जवळजवळ तेवढेच. एका विमानानं दोघं हैदराबादला उतरलो आणि एकाच काउंटरसमोर उभे राहिलो. त्याला वरच्या मजल्यावरची तळ्याकडची खोली मिळाली, नाश्ता मिळाला, फळांची थाळी मिळाली. मला लिफ्टशेजारची खोली. मी विचारलं तेव्हा कळलं, की कार्डाबरोबर पत्ताही बघतात. पत्ता भारतातला असेल तर भारतातल्या हॉटेलांत हे सगळे लाभ पुरते मिळत नाहीत. पत्ता बाहेरचा असेल तर मिळतात. तसं असेल तर जर्मन माणसाला जर्मनीतही मिळत नसतील, असं मला वाटलं. मी त्याला विचारलं. त्याला त्याच्या गावातही सगळं मिळत होतं. नियम फक्त आमच्या बाजूचा होता. आपल्याकडे म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. इथे दुसऱ्याचा बाब्या होता आणि कार्टं मी. संध्याकाळी तो बिचारा ओशाळून अर्धी द्राक्षं आणि एक पेरू घेऊन माझ्या दाराशी आला. फळं मी घेतली, राग काही गेला नाही.

मी भांडखोर आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. नळाला पाणी कमी आलं की महापालिकेत मला पुढे करतात. तेव्हा मी त्या साखळीच्या मुख्य कचेरीला लिहिलं. उत्तर आलं, त्यात त्यांनी माझ्या भावना समजून घेतल्या होत्या आणि लाभ विभागानुसार वेगळे असू शकतात असं कळवलं होतं. मी पुन्हा लिहिलं, की मी इतकी वर्षं तुमच्याच दारात येते, तुम्ही विभाग बघता, येणारं माणूस बघत नाही का? त्यावर माझ्या भावना पुन्हा एकदा समजून घेतल्या गेल्या.

आणि मग एक दिवस फोनवर आलं, की साठलेले पॉइंट लवकर वापरले नाहीत तर वाया जातील.

त्याच सुमारास आत्याच्या डोळ्यांचं निघालं. ती वडिलांची मोठी बहीण. वडील गेले, तरी तिचं आमच्याकडे येणं थांबलं नाही. तिला दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले होते आणि एसटीची पाटी वाचता येईना म्हणून ती एकदा चुकून पाथरीला जाऊन आली होती. हैदराबादला डोळे दाखवायचं ठरलं. तिची मुलं शेतात अडकलेली, मी तेव्हा रिकामी होते. मी म्हटलं, मी नेते. आणि म्हणता म्हणता माझ्या मनात आलं, की आत्याला त्या हॉटेलात उतरवायचं. एकदा, एका मुक्कामासाठी का होईना, तिला पाहुणी करायचं.

कारण आत्या आमच्या घरी उभ्या जन्मात पाहुणी म्हणून आली नव्हती. ती यायची ती हातात दोन पिशव्या घेऊन. एकीत ज्वारीचं पीठ, शेंगा, हिरव्या मिरच्या, हंगाम असला तर हुरडा. दुसरीत तिचं एक लुगडं आणि तिची वाकळ, जुन्या साड्यांची शिवलेली. पाय धुतले की ती केरसुणी हातात घ्यायची. आई म्हणायची, "आक्का, बसा की जरा," आणि आत्या म्हणायची, "बसाया आले व्हय मी?" तिला स्टीलच्या पेल्यात चहा. झोपायला मधल्या खोलीत सतरंजी, वर तिचीच वाकळ. पहाटेच्या एसटीनं ती परत जायची. आम्ही उठायच्या आत तिची सतरंजी घडी करून कोपऱ्यात उभी असायची.

पुण्याचा मामा बायकोमुलांसह यायचा, तेव्हा घराला वेगळंच वारं लागायचं. फुलाफुलांच्या कपबशा निघायच्या, चहात वेलदोडा पडायचा आणि आतल्या मोठ्या लोखंडी पेटीतून गादी निघायची. निळ्या साटीनच्या खोळीची. एरवी ती पेटीतच असे, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. आम्हा मुलांना तिच्यावर बसायची बंदी होती. तिला आम्ही पाहुण्यांची गादी म्हणायचो. आई वाईट बाई नाही, आणि आत्यावर तिची माया होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण मामा दोन वर्षांतून एकदा यायचा आणि आत्या दर महिन्याला. दर महिन्याला येणाऱ्या माणसासाठी कोण पेटी उघडतं? ती आपलीच होती.

त्या गादीतला कापूस आत्याच्या शेतातला होता. आईवडिलांनी परभणीत बिऱ्हाड थाटलं, तेव्हा आत्यानं तो पोत्यात भरून सोनपेठहून आणला होता. हे मला आईनंच सांगितलं होतं, कौतुकानं. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मला तेव्हा पाठ होती, पण ती मी कधी त्या गादीला लावून पाहिली नव्हती.

हैदराबादच्या गाडीत बसलो तेव्हा आत्याजवळ दोनच्या तीन पिशव्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, ह्यात काय आणलंस?"

"शेंगाचे लाडू हायत. धपाटे हायत वाटंला."

"इतके लाडू कुणाला?"

"ज्यायच्याकडं उतरायचंय त्यायला," ती म्हणाली. "तूच म्हणलीस, पैसे द्यायचे न्हाईत म्हणून. मग रिकाम्या हातानं जायचं का माणसाच्या घरी?"

मी तिला समजावलं, की ते घर नाही, हॉटेल आहे, आणि ते फुकट म्हणजे फुकट नाही, मी आधी पुष्कळदा राहिले त्याचं आहे. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तुझी लय वळख हाय," ती म्हणाली, आणि लाडवांची पिशवी मांडीवर घेतली. गाडी पूर्णेला बराच वेळ थांबली. चहावाला हाका मारत गेला. खिडकीबाहेर थंडीतलं मावळतीचं पिवळं ऊन होतं आणि आत्या ते डोळे बारीक करून बघत होती. मग तिला डुलकी लागली आणि मलाही. जागी झाले तेव्हा आपण कुठे जातो आहोत हे मला क्षणभर आठवेना, आणि ते बरं वाटलं.

सकाळी हैदराबादला उतरून दवाखाना गाठला, तिथे डोळ्यांत थेंब घातले आणि बसवून ठेवलं, पुन्हा घातले, पुन्हा बसवलं. मोतीबिंदू निघाला, उन्हाळ्याआधी ऑपरेशन करू म्हणाले. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण थेंबांनी बाहुल्या मोठ्या होऊन आत्याला सगळंच धुकट दिसायला लागलं. दुपारी मी तिचा हात धरून तिला हॉटेलच्या दारातून आत नेलं. वरची झुंबरं तिला दिसली नाहीत, नुसता उजेड दिसला. "यात्रंतल्यावानी वाटायलंय," ती म्हणाली. गुळगुळीत फरशीवर ती पाण्यातून चालल्यासारखी पाय उचलून चालली. कुठून तरी पियानोसारखं काहीतरी वाजत होतं. थंड, सुवासिक हवा होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, माझे सगळे मुक्काम ह्या एका दुपारसाठीच झाले असावेत.

काउंटरवर आमच्या पुढे एक गोरं म्हातारं जोडपं होतं. त्यांचंही कार्ड सोनेरी. त्यांना काय काय मिळालं ते मला पाठ होतं, तरी मी कान देऊन ऐकलं. तळ्याकडची खोली, दोघांचा नाश्ता, संध्याकाळी वरच्या दालनात चहाफराळ, उद्या दुपारपर्यंत खोली ठेवायची मुभा. मग माझा नंबर आला. काउंटरवरची बाई हसतमुख होती, हैदराबादचीच. तिनं माझं कार्ड पाहिलं, पत्ता पाहिला आणि हळू आवाजात सांगितलं, की खोली आहे, नाश्ता मात्र एकीचाच, आणि आज वरची खोली देता येणार नाही.

मी म्हटलं, "का? त्यांना तर दिली."

ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या विभागाचा तसा नियम आहे."

मग मी सुरू झाले. ताश्कंद काढलं, दारेसलाम काढलं, मुख्य कचेरीची दोन्ही उत्तरं काढली. माझ्याच देशात मी कमी कशी, ह्या परभणीच्या पत्त्यानं तुमचं काय घोडं मारलंय, असं सगळं. आवाज चढला असावा, कारण ते गोरं जोडपं लिफ्टपाशी थबकलं. बाई नुसती ऐकत होती. तिच्या हातात काही नव्हतं, हे मलाही कळत होतं, पण माझ्या बाजूला आत्या उभी होती, आणि तिला आज काही कमी मिळू नये एवढंच मला हवं होतं. एवढ्यात आत्यानं माझी बाही ओढली.

"भांडू नको माय. काय झालं?"

मी म्हटलं, "त्यायला सगळं देतेत आत्या. फळं, नाश्ता, चांगली खोली. आपल्याला न्हाई. आपण हितलेच म्हणून न्हाई."

आत्यानं ते धुकट डोळे माझ्याकडे वळवले आणि ती हसली.

"आगं येडे, घरच्या माणसाला कुणी फळं कापून देतं व्हय? पाव्हण्याला देतेत. तू सारखी येतीस, तुला घरची समजायलेत ते. ह्याच्यात वाईट काय हाय?"

माझ्याजवळ उत्तर होतं. हे घरचं समजणं नाही, ही सोय आहे, जो कुठे जाणार नाही त्याला कमी दिलं तरी चालतं असा हिशेब आहे, असं मी मुख्य कचेरीला चांगलं पानभर लिहिलं होतं. तेच इथे म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं, तर ते त्या काउंटरपाशी थांबलं नसतं. ते थेट आमच्या मधल्या खोलीत, त्या सतरंजीपर्यंत गेलं असतं. इतकी वर्षं आत्या स्वतःला काय सांगत झोपत होती, ते मला तिथे, त्या गार हवेत, पहिल्यांदा कळलं. ते मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नव्हते. मी मुकाट्यानं सही केली.

आत्यानं मात्र पिशवी वर काउंटरवर ठेवली. "लेव बेटा, शेंगा के लाडू हैं, घर के," ती त्या बाईला म्हणाली. निजामाच्या काळातली ती बोली तिनं लहानपणी ऐकलेली, अजून जिभेवर होती. बाईनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाली, "हौ खाला, जरूर खाऊँगी," आणि लिफ्टपर्यंत आमच्याबरोबर आली. ते कुठल्या नियमात नव्हतं.

खोली लिफ्टशेजारचीच होती. आत्याला त्याचं काय? मी पडदे ओढले, कारण उजेड तिच्या डोळ्यांना सोसत नव्हता. आम्ही टेबलावर धपाटे खाल्ले. मग ती पलंगाच्या अगदी कडेला आडवी झाली, कुणीतरी अजून यायचं आहे आणि त्याला जागा ठेवायची आहे अशी. पायथ्याची ती रंगीत पट्टी तिनं चाचपली, ओढून घेतली आणि खांद्यावरून पांघरली. "शाल चांगली ठिवलीय," ती म्हणाली. इतक्या देशांत मला जे कळलं नव्हतं ते मार्गी लागलं.

मीही शेजारी पडले. दुपार असून खोलीत तिन्हीसांजेसारखं होतं. लिफ्टचा आवाज मधूनच यायचा, दूर कुठेतरी गोदावरीला पाणी सोडल्यासारखा. आत्याचा श्वास लांब झाला, मला वाटलं झोपली. माझ्याही पापण्या जड झाल्या. ताश्कंद, दारेसलाम, सोनपेठ सगळं एकात एक मिसळायला लागलं. तेवढ्यात ती डोळे मिटूनच बोलली.

"तुमच्या घरी ती निळी गादी हाय बग. पाव्हण्यायची."

"हाय की."

"ती अशीच असंल का गं? मऊ?"

मी लहान असल्यापासून, कदाचित मी जन्मायच्याही आधीपासून, ह्या बाईनं मनातल्या मनात ती गादी हातानं चाचपून पाहिली होती. तिच्याच कापसाची. आणि पुन्हा ती स्वतःला सांगत होती, की आपण घरच्या आहोत, घरच्याला कोण गादी घालतं. दोन्ही एकाच मनात. मी बऱ्याच वेळानं म्हटलं, "असंल," पण तोवर ती खरंच झोपली होती. मी तशीच पडून रडले. कुणी बघायला नव्हतं.

सकाळी नाश्ता एकीलाच होता. आत्या म्हणाली, तू खाऊन ये. मी गेले नाही, राहिलेले धपाटे दोघींनी खाल्ले. निघण्याआधी तिनं अंथरूण झटकून चादर इतकी ताणून घातली, की तिथे कुणी झोपलं होतं असं कुणी म्हणालं नसतं. उशा रचल्या. टॉवेल धुऊन वाळत घातले. खाली ती काउंटरवरची बाई भेटली, म्हणाली, लाडू सगळ्यांनी खाल्ले, "फिर आना खाला." आत्या गाडीत बसेपर्यंत तेच सांगत होती. "बग, परत या म्हणली. मी म्हणलं नव्हतं का, घरच्यावानी हायत."

रात्रीच्या गाडीनं दुसऱ्या सकाळी परभणीला उतरलो तेव्हा तिला लगेच सोनपेठची एसटी धरायची होती. मी म्हटलं, दुपारच्याला जा, आधी घरी टेक. घरी येताच तिनं सवयीनं केरसुणी शोधली, पण डोळे अजून जड होते, म्हणून आईनं ती काढून घेतली. मी आईला आत नेलं आणि म्हटलं, "आई, निळी गादी काढ."

"कोण येणार हाय?"

"कुणी न्हाई. आत्यासाठी."

"ती पाव्हण्याय..." आई म्हणाली आणि मध्येच थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, हॉटेलातलं तर नाहीच. पण गेली चाळीसेक वर्षं ती आत्याची भावजय आहे. तिनं पेटीवरचे डबे उतरवले, घडीच्या चादरी उतरवल्या आणि झाकण उचललं. पेटीला कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं.

गादी दोघींनी मिळून बाहेर आणली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. मामाची मंडळी आता आली तरी स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरतात, त्यांना एसी लागतो, त्यामुळे ती कित्येक वर्षांत उघडलेली नव्हती. मधल्या खोलीत दारातून थंडीतलं ऊन येतं, तिथे आम्ही ती अंथरली. साटीन अजून निळं होतं.

आत्या दारात उभी राहून बघत होती. तिला काय दिसत होतं कोण जाणे, निळं तरी नक्कीच. तिचा चेहरा उतरला.

"हे कामून? मी काय परकी झाले का?"

मला ह्याचीच भीती होती. आई बोलली. गादीची चुणी काढता काढता, वर न बघता.

"परक्या न्हाई आक्का. पण जरा पाव्हण्या व्हा की आमच्या. आमालाबी वाटतं."

आत्यानं पाय पुसले, पुन्हा पुसले आणि ती हळूच कडेला बसली. हातानं साटीन कुरवाळलं. मग आडवी झाली, ह्या वेळी कडेला नाही, बरोबर मध्ये.

मी शेजारी सतरंजीवर पडले आणि माझा हात गादीवर गेला. माझ्या हाताला कापूस कळतो, त्याचाच मला पगार मिळतो. कापूस वापराविना, पिंजल्याविना असा पडून राहिला की गोळा होतो. खोळीच्या आत नुसते गोळे होते, बोराएवढे, काही लिंबाएवढे, आणि मध्ये मध्ये नुसतंच कापड, ज्याच्याखाली फरशी लागत होती. एक मोठा गोळा तिच्या पाठीखालीच होता. आईनं गादी स्वतःच्या हातानं अंथरली होती, तिलाही ते कळलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात धरून उभी होती.

"आत्या, टोचत तर न्हाई ना?" मी विचारलं. "काढू का?"

तिनं डोळे मिटले होते. ऊन तिच्या पायांवर होतं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "लय मऊ हाय. हाटेलापरीस मऊ हाय."

मग जरा वेळानं, झोपेतल्यासारख्या आवाजात, ती पुढे म्हणाली, "मला वाटायचंच, अशी असंल."